दुकान बंद, निरोप चालू

दुकानाचे शटर खाली आले की पूर्वी व्यापाराचा दिवस संपत असे. राहिलेली बोलणी दुसऱ्या दिवशी गादीवर बसून होत. आता शटर दुकानाला आहे, खिशातल्या फोनला नाही. रात्री साडेदहाला दराची चौकशी येते, अकराला मालाचे छायाचित्र येते आणि सकाळी रुसवा येतो : ‘आपण पाहिलेत, पण उत्तर दिले नाहीत.’

या रुसव्याला माणसांच्या स्वभावाइतकीच ॲपची रचनाही कारणीभूत आहे. 2009 मध्ये जॅन कूम यांनी व्हॉट्सॲप तयार केले, तेव्हा मूळ कल्पना निरोप पाठवण्याची नव्हती. संपर्कयादीतील नावापुढे त्या व्यक्तीची स्थिती दिसावी, ती कामात आहे की मोकळी हे फोन करण्यापूर्वी कळावे, एवढाच हेतू होता. पुढे निरोप हेच मुख्य काम झाले. ‘लास्ट सीन’ची वेळ दिसू लागली आणि नोव्हेंबर 2014 मध्ये निळ्या खुणा आल्या. आधी माणूस आपली स्थिती स्वतः सांगत असे. आता यंत्र त्याच्या हालचाली परस्पर कळवू लागले.

बँकेतील एक साधा नियम येथे उपयोगी पडतो. धनादेश भरल्यावर काउंटरफॉइलवर शिक्का मिळतो, तो केवळ पोच असतो. रक्कम खात्यात वसूल झाली, असा त्याचा अर्थ नसतो. निळी खूणही तशीच पोच आहे. तिला मागणीची स्वीकृती किंवा दराची मान्यता समजणे व्यवहाराला घातक ठरते. म्हणून दर, नग आणि मुदत ही शब्दांत लिहून आल्याशिवाय सौदा पक्का मानू नये.

उपलब्धता कळवणारी सोय चांगली कोणती? तिने तीन गोष्टी सांगाव्यात : आपण आता उपलब्ध आहोत की नाही, पुन्हा केव्हा असू आणि काम खरोखर निकडीचे असल्यास काय करावे. कारण सांगण्याची सक्ती नसावी. संध्याकाळी कोणी सूर्यास्तापूर्वी जेवत असेल, कोणी 48 मिनिटांच्या सामायिकात बसला असेल, तर कोणी नातवाचा अभ्यास घेत असेल. ग्राहकाला वेळ कळली की पुरे.

या कसोटीवर ‘म्यूट’ अपुरे ठरते. आपल्याला शांतता मिळते, पण पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. तो वाट पाहतो आणि दुखावतो. 2021 मध्ये आयफोनवर आलेल्या ‘फोकस’ सोयीत, आपण परवानगी दिली असल्यास, समोरच्याला सूचना बंद असल्याचे दिसते आणि निकड असेल तर तरीही सूचना पोहोचवण्याचा मार्ग त्याला मिळतो. म्हणजे दार लोटलेले आहे हे दिसते आणि कडीही वाजवता येते.

व्यापाऱ्यांसाठी 2018 पासून उपलब्ध असलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दुकानाची वेळ नोंदवता येते आणि त्या वेळेबाहेर आपोआप जाणारे उत्तर ठरवता येते. ते सर्वांना जावे की फक्त नव्या क्रमांकांना, हेही निवडता येते. मात्र त्यासाठी फोनला इंटरनेट चालू असावे लागते. उत्तर कोरडे नसावे. उदाहरणार्थ : ‘नमस्कार. आपला निरोप मिळाला. दुकान सकाळी 10 ते रात्री 8 उघडे असते. उद्या 11 पर्यंत उत्तर देऊ. माल वाटेत अडकला असल्यास कृपया दुकानाच्या क्रमांकावर फोन करावा.’ यात सौजन्य आहे, वायदा आहे आणि मर्यादाही आहे. मात्र 11 चा वायदा पाळला नाही, तर पुढच्या वेळी त्या उत्तरावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

ही मर्यादा दोन्ही बाजूंनी हवी. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून अलिप्त राहण्याच्या कर्मचाऱ्यांच्या हक्काला कायद्यात स्थान मिळाले. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी अशाच हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. दुकानमालकाच्या रात्रीचे रक्षण मात्र कोणताही कायदा करणार नाही. ते त्यानेच करायचे आहे. आपल्या मुनीमजींना आणि विक्रेत्या मुलांना रात्री निरोप न पाठवणे हेही त्याच्याच हाती आहे.

डिसेंबर 2019 पासून एनईएफटी आणि डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस चोवीस तास चालते. रात्री दोनला पैसे पोहोचले, ही व्यापाराची मोठी सोय झाली. परंतु संगणक जागा असतो म्हणून माणसाने जागे राहावे, असे त्यातून निघत नाही. घरातील सर्वांनी, विशेषतः दुकानाचा फोन सांभाळणाऱ्या सुनांनी आणि मुलांनी, एकत्र बसून उत्तराची शेवटची वेळ ठरवावी आणि ती दुकानाच्या फोनवर नोंदवावी. नियमित ग्राहकाला वेळ एकदा नीट कळली, तर तो ती पाळतो; दुकानाची साप्ताहिक सुट्टी तो आजवर पाळत आलाच आहे.