बॉल पायथन: देखणी नक्षी आणि डुलणारं डोकं

बॉल पायथन हा अजगर मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या भागातला. रानातला काळपट तपकिरी, अंगावर फिकट ठिपके. पण अमेरिकेत आणि युरोपात पैदास केलेल्यांची नक्षी बघा! माझा लाडका पायबॉल्ड: मध्येच रंग पुसल्यासारखं पांढरंशुभ्र अंग, मध्येच मूळ नक्षी. हे जनुक अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच दिसतं. दोघेही नुसते वाहक असतील, तर प्रत्येक पिल्लामागे शक्यता 25 टक्के. पांढरा भाग किती असेल ते अंडं फुटल्यावरच कळतं.

‘स्पायडर’ या दुसऱ्या प्रकाराची गोष्ट वेगळी. जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा, भलताच देखणा. इथे एकाच पालकाकडून जनुक आलं तरी पुरतं, म्हणून तो झपाट्याने पसरला. पण त्याच जनुकापायी आतल्या कानाची रचना बिघडते: डोकं डुलतं, तोल जातो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. यावर इलाज नाही. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने तर आपल्या प्रदर्शनांत त्याची विक्रीच बंद केली. माझ्या मते योग्यच केलं.

(आणि हो, आपला भारतीय अजगर घरी पाळणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. इनबॉक्समध्ये विचारूही नका!)