'पित्त उठलं' याला कोड काय?

आमच्या खातेगावात मराठी घरातली माणसं 'गोळीनं अंगावर पित्त उठलं' म्हणतात, शेजारी 'पित्ती उछली' म्हणतात. डॉक्टरांना दोन्ही कळतं. संगणकाला एकही नाही.

औषधचिठ्ठीचं सॉफ्टवेअर शब्दांचा अर्थ लावत नाही, कोडला कोड जुळवतं. ऑगमेंटिन निवडलं की आत अ‍ॅमॉक्सिसिलीन आहे, ते पेनिसिलीनच्या गटातलं, हे कोडवरून ठरतं. रुग्णाच्या नोंदीत पेनिसिलीन-अ‍ॅलर्जीचा कोड असेल तर लगेच इशारा येतो. पण घाईत कुणी मोकळ्या रकान्यात 'पेनसिलीनने पित्त' असं टाइप केलं, तर ते पडद्यावर दिसतं, जुळत मात्र नाही. इशारा आला नाही म्हणजे धोका नाही, असं आपण धरून चालतो. मला तर यापेक्षा कोरा रकाना बरा वाटतो. निदान डॉक्टर विचारतील तरी!

बरं, कोड नाहीत असं नाही. भारत २०१४ पासून स्नोमेड सीटी या कोडसूचीचा सदस्य आहे. पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय केंद्र ती मोफत देतं. आणि जी नोंद कोडमध्ये बसत नाही, तिच्यापुढे 'ही अ‍ॅलर्जी तपासलेली नाही' एवढं तरी सॉफ्टवेअरनं दाखवावं.

आपण जाताना जुनी चिठ्ठी किंवा गोळ्यांची रिकामी पट्टी न्यावी. 'ती पांढरी गोळी' कुठल्याच यादीत सापडत नाही.