पित्ताच्या नळीतला स्टेंट आणि काळी संडास



आपल्या वस्त्यांमध्ये सिकलसेल आहे, हे आता लपवण्यासारखे राहिलेले नाही. पण सिकलसेलच्या मुलांना पित्ताचे खडे का होतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून पिवळे द्रव्य जास्त तयार होते, त्याचेच खडे बनतात. खडा पित्ताच्या नळीत अडकला की कावीळ. माळ घालून ती उतरत नाही. डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून खडा काढतात आणि पित्त वाहते राहावे म्हणून बरेचदा प्लास्टिकची बारीक नळी ठेवतात. हाच स्टेंट.

तो कायमचा नसतो. साधारण ३ महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. मी वॉर्डात असताना एक शेतमजूर वर्षभराने परत आले होते. कावीळ गेली, मजुरी बुडते, म्हणून आलेच नाहीत. कार्डावर तारीख होती, इंग्रजीत. मला राग त्यांचा नाही, कार्ड हातात देऊन मोकळे होणाऱ्या आम्हा लोकांचा आला.

जुना स्टेंट तुंबतो, कधी जागा सोडून सरकतो. त्याचे टोक आतड्याला टोचते, क्वचित शेजारची रक्तवाहिनी फाटते. मग डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास होते किंवा रक्ताची उलटी. सोबत उजव्या बरगडीखाली कळ आणि पिवळे डोळे असतील तर सकाळची वाट पाहू नका. दुर्बिणीतून नळीचे तोंड कापले असेल, तर पहिल्या २ आठवड्यांतही रक्त जाऊ शकते. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते. पण चक्कर, थंड घाम असेल तर गोळ्यांवर ढकलू नका.

१०८ ला फोन करा. सेवाग्राम किंवा सावंगी, जे जवळ असेल ते. पोटदुखीची गोळी देऊ नका, काहींनी रक्तस्राव वाढतो. तिथे रक्त चढवतात, काविळीत रक्त गोठत नसेल तर व्हिटॅमिन के देतात, दुर्बिणीतून जखम बंद करतात. धमनी फुटली असेल तर जांघेतून बारीक तार नेऊन ती आतून बुजवतात. स्टेंट लगेच का ओढत नाहीत म्हणून भांडू नका; कधी तोच छिद्र दाबून धरतो.

सिकलसेलच्या पेशंटचे नेहमीचे एचबी किती असते, ते सांगा. एरवीच ८ असणाऱ्याचे ६ झाले, हे कळायला तोच आकडा लागतो. सिकलसेल कार्ड, डिस्चार्ज कार्ड, रेशनकार्ड आणि आधार एकाच पिशवीत ठेवा. महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर पहिल्यांदा हीच कागदपत्रे मागतात.