मदतीची किंमत

तमिळनाडूतील पापनाशमजवळ, तिरुप्पालैत्तुरै येथील शिवमंदिराच्या आवारात, विटांनी बांधलेले एक प्रचंड धान्यकोठार आहे. ते नायक राजांच्या काळातील असून त्यात सुमारे 3000 कलम धान्य मावत असे, असे सांगतात. कलम हे तमिळ प्रदेशातील धान्याचे जुने माप होय. कावेरीच्या पाण्यावर पिकणारे भात हेच तंजावरच्या राज्याचे खरे वैभव होते. त्यामुळे या राज्यावर इतरांची नजर असे.

1673 मध्ये मदुरैच्या चोक्कनाथ नायकाने तंजावर जिंकले. तंजावरचा वृद्ध राजा विजयराघव नायक लढाईत मारला गेला. चोक्कनाथाने तेथील कारभार अळगिरीकडे सोपवला. पण पुढे त्या दोघांतच वितुष्ट आले. तेव्हा विजयराघवाचा वंशज चेंगमलदास याच्या समर्थकांनी विजापूरच्या आदिलशहाकडे मदत मागितली. आदिलशाहीने या कामगिरीवर पाठवले ते शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांना.

व्यंकोजीराजांनी आजच्या पापनाशम तालुक्यातील अय्यमपेट्टै येथे अळगिरीचा पराभव केला. चेंगमलदास गादीवर बसला खरा, परंतु 1675-76 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी सत्ता स्वतःच्याच हाती घेतली. ज्याच्यासाठी मदत मागितली, त्याचेच राज्य गेले. तंजावरचे हे मराठी राज्य पुढे 1855 पर्यंत टिकले.

जगाच्या इतिहासात याच्या सुमारे साडेनऊशे वर्षे आधीही असे घडले होते. आजच्या स्पेनमध्ये तेव्हा व्हिसिगॉथ या ख्रिस्ती राजांचे राज्य होते. राजा विटिझाच्या मृत्यूनंतर रॉडरिक गादीवर आला आणि सरदारांत फूट पडली. 711 मध्ये तारिक इब्न झियाद हा मुस्लिम सेनापती आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आला. विटिझाच्या पक्षातील लोकांनी त्याला साहाय्य केले, असे जुने वृत्तान्त सांगतात. रॉडरिकचा पराभव झाला आणि काही वर्षांतच बहुतेक राज्य मुस्लिम सत्तेखाली गेले. 713 मध्ये थिओडेमिर या ख्रिस्ती सरदाराने विजेत्यांशी तह केला. प्रजेचा धर्म व प्रार्थनास्थळे सुरक्षित राहिली. मात्र दरवर्षी नाणी, गहू, जव, मध व तेल देणे बंधनकारक झाले.

या दोन्ही घटनांना केवळ दोन धर्मांतील युद्ध म्हणता येत नाही. तंजावरात हिंदू राजाला हिंदू राजानेच पदच्युत केले आणि मुस्लिम सुलतानाच्या हिंदू सरदाराने ते राज्य घेतले. स्पेनमध्ये जेता परधर्मीय होता. पण त्याची वाट घरच्या दुहीने सोपी केली. दोन्हीकडे राज्यकर्ते बदलले, शेतकऱ्याच्या धान्यातील राज्याचा वाटा मात्र चुकला नाही. आपसांतील भांडण मिटवण्यासाठी बलवान परक्याला घरात बोलावले, तर त्या मदतीची किंमत किती असेल, हे बोलावणाऱ्याच्या हाती राहत नाही.