कौडगावात उतरणारं ऊन

धाराशिवजवळच्या कौडगावात महानिर्मितीचा 50 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. सूर्यावरून निघालेलं ऊन तिथं सव्वाआठ मिनिटांत पोहोचतं. पण ते एकजिनसी नसतं.

त्यातला जवळपास निम्मा भाग न दिसणारा, अवरक्त. विल्यम हर्शेलनं 1800 साली तो लोलक आणि तापमापकानं ओळखला. सिलिकॉनचं पॅनेल दृश्य प्रकाश आणि त्यालगतच्या अवरक्ताचीच वीज करतं. पलीकडच्या लांब लहरींची वीज होत नाही. त्यात पॅनेल तापलं की उत्पादन घटतं! मराठवाड्यातला मे म्हणूनच दिसतो तेवढा लाभाचा नाही.

अतिनील किरण जमिनीवर जेमतेम पाच टक्के, तरी मोतीबिंदूला हातभार लावणारे. रानात राबणाऱ्यांनी टोपी, चष्मा वापरायलाच हवा.

क्ष-किरण वातावरणातच अडतात. ते मोजणारी उपकरणं घेऊन 2023 मध्ये आदित्य-एल1 हे भारताचं सूर्याचा अभ्यास करणारं यान झेपावलं.