घशाच्या छिद्राला छातीचा स्नायू

जुन्नर-आंबेगावात गळ्याची जखम म्हटली की आधी बिबट्या आठवतो. या लेखातली जखम वेगळी आहे. ती फार क्वचित होते, पण वेळेत ओळखली नाही तर जिवावर बेतते. मानेच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर घशाला किंवा अन्ननलिकेला पडणारं छिद्र, ही ती जखम.

आदिवासी पट्ट्यात हिरडा काढताना पाय घसरतो, पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकी आदळते, वयामुळे मानेतली चकती सरकून हात बधिर होतात. अशा अनेक रुग्णांचं ऑपरेशन मानेच्या पुढच्या बाजूने करतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत स्मिथ, रॉबिन्सन आणि क्लोवर्ड यांनी ही पद्धत रूढ केली. श्वासनलिका आणि अन्ननलिका बाजूला सारून चकती काढायची, हाड बसवायचं आणि प्लेट-स्क्रूचा आधार द्यायचा. बहुसंख्य रुग्ण यातून बरे होतात. पण अन्ननलिका मणक्याला अगदी खेटून असते आणि तिची भिंत पातळ असते. क्वचित ती ऑपरेशनच्या वेळीच दुखावते. क्वचित सैल झालेला स्क्रू काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, तिला घासून भोक पाडतो. लाळ आणि अन्न मानेत झिरपतं, पू होतो आणि तो छातीत उतरू शकतो.

छिद्र मोठं किंवा जुनं असेल तर नुसते टाके टिकत नाहीत. लाळ थांबत नाही आणि संसर्गाने कडा कुजलेल्या असतात. तिथे रक्त असलेलं निरोगी मांस आणावं लागतं. आपल्या रक्तपुरवठ्यासकट वळवून आणलेल्या अशा मांसाला किंवा कातडीला फ्लॅप म्हणतात. कुकडीच्या पाटावर शेती करणाऱ्याला हे चटकन कळेल: वाफा सरकवला तरी त्याला पाणी देणारा पाट तुटू द्यायचा नाही.

या विद्येत पुण्याचा मोठा वाटा आहे. इंग्रजांच्या फौजेतला मराठा गाडीवान कावसजी १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक घडवलं. ही हकिकत ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती वाचून १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तसं ऑपरेशन केलं. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही.

घशासाठी आज बहुधा कानामागून छातीच्या हाडापर्यंत जाणारा मानेचा स्नायू वापरतात. त्याला अनेक ठिकाणांहून रक्त मिळतं, म्हणून एक टोक सोडवून तो छिद्र आणि मणका यांच्यामध्ये बसवता येतो. छिद्र मोठं असेल तर छातीचा मोठा स्नायू रक्तवाहिनीसकट वर घेतात. १९७९ साली स्टीफन एरियन यांनी ही रीत मांडली आणि तोंडाच्या कॅन्सरनंतर ती भारतात खूप वापरली गेली. कधी मनगटाजवळची कातडी आणून सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. याआधी पू काढावा लागतो आणि हाड जुळलं असेल तर प्लेटही काढतात. तोंडाने खाणं बंद करून नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न देतात. मणक्याचा, कान-नाक-घशाचा आणि प्लास्टिक सर्जन अशा तिघांनी एकत्र बसून हे ठरवायचं असतं.

हे काम मोठ्या शहरातल्या रुग्णालयाचं आहे, पण रुग्ण घरी येतो तो घोडेगाव, ओतूर, मंचरला. म्हणून मानेच्या ऑपरेशनच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर चार ओळी मराठीत छापल्याच पाहिजेत: गिळताना वाढती कळ, ताप, मानेला सूज किंवा दाबल्यावर कातडीखाली करकर, जखमेतून लाळ. यातलं काहीही दिसलं तर पाणीसुद्धा न देता रुग्णाला ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात न्यावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं. नारायणगाव-मंचरच्या डॉक्टरांनीही ‘घसा बसलाय’ म्हणून गोळ्या देण्याआधी एक प्रश्न विचारावा: मानेचं ऑपरेशन झालंय का? छिद्र पहिल्या काही दिवसांत सापडलं तर अनेकदा टाके आणि लहान फ्लॅप पुरतो, उशीर झाला तर महिनोन्‌महिने नळीवर काढावे लागतात. हा फरक आपल्या तालुक्यांतच पडू शकतो.