गोधडी शिकवावयास परदेशीं जातांना

गोधडी ही वस्तु आपल्या घरांत इतकी परिचयाची आहे कीं, ती शिकण्यासाठीं परदेशांत कोणी पैसे मोजून वर्गांत बसेल, हें पुष्कळांना खरें वाटत नाहीं. परंतु अमेरिकेंत व युरोपांत शिवलेल्या रजयांचे मोठे मेळावे भरतात. अमेरिकेंतील लिंकन शहरीं तर नेब्रास्का विद्यापीठांत १९९७ सालीं केवळ अशा रजयांच्या अभ्यासासाठीं एक संस्था निघाली. तेव्हां आपल्याकडील एखादी गोधडी शिवणारी भगिनी शिकविण्यासाठीं समुद्रापलीकडे निघाली, तर तिनें कोणती तयारी करावी, याचा आज विचार करूं.

आपल्या रजयांचा परदेशप्रवास नवा नाहीं. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमध्यें भरतकाम केलेल्या रजया पोर्तुगीज लोक आपल्या देशीं नेत असत. त्यांपैकीं कांहीं आज युरोपांतील संग्रहालयांत जपलेल्या आहेत; त्या करणाऱ्या हातांचीं नांवें मात्र उरलीं नाहींत. त्या काळीं वस्तु गेली आणि करणारा मागें राहिला. आतां करणारी स्वतः जाते, हा फरक लहान नव्हे.

तिकडील शिष्यांना बहुधा निराळी रीत ठाऊक असते. ते कापडाचे तुकडे मोजून कापतात, एकमेकांस जोडून वरचा पदर पुरा करतात, आणि नंतर त्याखालीं कापसाचा थर व अस्तर घालून तिन्ही थर टाक्यांनीं बांधतात. आपल्याकडे जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर अंथरून त्यांवर ठिगळें मांडतात. एकाच धावदोऱ्यानें ठिगळही बसतें आणि थरही बांधले जातात. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रियांची कौदी याच जातीची. त्यांच्या पूर्वजांपैकीं पुष्कळांना पोर्तुगीजांनीं आफ्रिकेंतून गुलाम म्हणून गोव्यांत आणलें होतें. या स्त्रिया कडेपासून आरंभ करून फेऱ्या घालीत मध्याकडे येतात, आणि कोपऱ्यांवर कापडाचें त्रिकोणी 'फूल' बसविल्याखेरीज कौदी पुरी मानीत नाहींत.

हा क्रम पुऱ्या झालेल्या गोधडीवरून उमगत नाहीं. म्हणून सामानांत पांच भारी गोधड्या कोंबण्यापेक्षां एक पुरी गोधडी आणि हातभर लांबीचे चार नमुने न्यावे: एक नुसते थर अंथरून कच्चे टाके घातलेला, दुसरा पहिली फेरी झालेला, तिसरा अर्धा आणि चौथा पुरा. ओझेंही त्यानें हलकें होतें.

कांहीं व्यावहारिक गोष्टी निघण्यापूर्वीं पाहाव्या. कात्र्या व धारेचीं पातीं हातांतल्या पिशवींत न ठेवतां विमानाच्या पोटांत जाणाऱ्या पेटींत ठेवावीं. नमुन्यांची यादी जवळ असावी, म्हणजे जकातीच्या नाक्यावर ते विक्रीचे नाहींत हें सांगतां येतें. मोबदला घेऊन शिकवावयाचें असल्यास पर्यटकाचा परवाना पुरेल असें गृहीत धरूं नये. त्या देशाच्या वकिलातींत आधीं विचारावें. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, अमेरिकेंत १२०ची आणि जपानांत १००ची; येथील इस्तरी तेथें नीट तापत नाहीं, ती तेथेंच मागून घ्यावी. अमेरिकन शिष्य इंचांत मोजतात व शिवणीसाठीं पाव इंच माया सोडतात. युरोपांत सेंटिमीटर चालतात. लेखी सूचनांत दोहोंची भेसळ नसावी.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कापडाचा. दुकानांतून आणलेलें नवें कोरें कापड वर्गाला सोयीचें, पण त्याचे चार-पांच थर झाले कीं सुई अडते. वर्षानुवर्षें धुवून विरलेलें सुती कापड मऊ असतें. त्याच्या अनेक थरांतून सुई सहज जाते. जुन्या वस्त्राचा मान आहे तो या गुणामुळेंही, आणि तें कोणाच्या अंगावर वागलें या आठवणीमुळेंही. यासाठीं शिक्षिकेनें महिनाभर आधीं शिष्यांना पत्रानें कळवावें, कीं प्रत्येकीनें आपल्या घरांतील वापरून मऊ झालेले सुती सदरे, चादरी, झगे धुवून आणावे. आपल्या लुगड्यांचे गठ्ठे तिकडे वाहून नेण्याची मग गरज राहत नाहीं. परक्या घरांतील जुनें वस्त्र आपल्या टाक्यानें बांधलें गेलें, तरच तिकडे गोधडी पोंचली असें म्हणतां येईल. एरव्हीं पोंचेल तो नुसता धावदोरा, आणि तो तर त्यांना पूर्वींपासूनच येतो.